आपल्याच फौजेशी गाठ

श्रोतेहो, कामगारांच्या सभेत बोलणारा मनुष्य व्याख्यानमालेत लढायांवर बोलावयास उभा राहिला की लोकांना थोडे नवल वाटते. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते रात्रपाळीनंतर, बसच्या रांगेत आणि युनियनच्या कचेरीत वीज गेली असता मेणबत्तीच्या उजेडात. तेव्हा आज जे सांगावयाचे ते पंडिताच्या अधिकाराने नव्हे. फाटकावर पंचवीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना इतिहासात जे दिसले तेच सांगू.

विषय सुचला तो एका खेळावरून. आपल्या मारुंजीत शेते होती तेथे इमारती उभ्या राहिल्या आणि हिंजवडीच्या कंपन्यांतून काम करणारी तरुण मंडळी त्यांत राहावयास आली. त्यांतील काही मुले सुटीच्या दिवशी मोठ्या मेजावर लुटुपुटूचे डोंगर, पडक्या भिंती मांडून अंगठ्याएवढ्या शिपायांची लढाई खेळतात. शिपाई विकत आणून स्वतःच्या हाताने रंगवितात. प्रत्येक जण एक लष्कर निवडतो. कुणाचे लष्कर दुरून मारा करणारे, कुणाचे चपळ, कुणाचे संख्येने भारी. दोघांना सारखेच गुण वाटून दिलेले असतात आणि तेवढ्यात आपली फौज बसवावयाची असते. याच्या स्पर्धाही भरतात. आता कधीकधी असे होते की समोर येणाऱ्यानेही नेमके आपलेच लष्कर निवडलेले असते. या सामन्याचे खेळाडूंना विशेष भय वाटते, कारण एरवी कामास येणारी सारी युक्ती येथे बोथट होते. आपले बळ ते त्याचे बळ, आपले मर्म तेच त्याचेही मर्म.

मग तयारी कशी करावयाची? जाणते खेळाडू सांगतात की आधी स्वतःच्याच फौजेविरुद्ध खेळून पाहावे. आपल्या फौजेतील कोणती तुकडी समोर आली तर आपल्यालाच घाम फुटेल, ते शोधावे. हत्यार सारखे असल्यामुळे पहिली चाल कुणाची, मोक्याची जागा कुणी आधी धरली, राखीव तुकडी कुणी शेवटपर्यंत राखली, अशा एरवी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर निकाल लागतो. शत्रूचे किती शिपाई पडले यापेक्षा मेजावरच्या नेमून दिलेल्या जागा कुणाच्या ताब्यात राहिल्या हे मोजले जाते.

या खेळाला कुणी पोरखेळ म्हणू नये. प्रशियाच्या लष्करातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून १८२४ साली नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला आणि तो तेथील अधिकाऱ्यांच्या शिक्षणात रूढ झाला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. प्रशियाच्या त्या खेळात दोन्ही बाजूंच्या सोंगट्या सारख्याच असत. फरक काय तो रंगाचा. म्हणजे स्वतःसारख्याच शत्रूशी लढण्याची तालीम हाच त्या विद्येचा आरंभ होता.

आम्हांस प्रश्न पडला तो असा : आमच्या मराठी सरदारांवर ही पाळी किती वेळा आली, आणि ते तयारी काय करीत? उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. चाकणच्या पुढे भीमेच्या काठी खेड आहे, आज त्यास राजगुरुनगर म्हणतात. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी तेथे दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. एका बाजूस मोगलांच्या कैदेतून त्याच वर्षी सुटून आलेले शाहू महाराज. दुसऱ्या बाजूस ताराबाईंनी पाठविलेले सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी. तीच घोडी, तेच भाले, तीच गनिमी काव्याची विद्या. पंचवीस वर्षे औरंगजेबास ज्या युक्तीने जेर केले ती युक्ती येथे चालणार कुणावर? गनिमी कावा दोघांनाही पाठ! ताराबाईंचे म्हणणे, आलेला शाहू तोतया आहे. तेव्हा भांडण हत्याराचे नव्हतेच. खरा कोण, हे ठरवावयाचे होते. शाहूंच्या बाजूने तयारी झाली ती याच ठिकाणी. बाळाजी विश्वनाथांनी धनाजीशी आधी बोलणे लावले आणि शाहू खरे असल्याची त्याची खात्री पटविली. लढाईच्या दिवशी धनाजी लढलाच नाही, शाहूंना येऊन मिळाला. प्रतिनिधींना माघार घ्यावी लागली. पुढच्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला.

खेडची ही कथा आम्हांस फार मोलाची वाटते. सारख्याशी सारख्याची गाठ पडली असता रक्त न सांडता निकाल लावता येतो, याचा हा दाखला आहे. पण असे दाखले पुढे विरळ होत गेले.

तळेगावचे दाभाडे आपले शेजारी. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आणि पहिला बाजीराव यांची गुजरातच्या वाटणीवरून वितुष्टे वाढली आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ लढाई झाली. बाजीरावाची फौज लहान होती, पण गाठ लवकर घालावयाची हे त्याने ठरविले होते. निजाम आणि दाभाडे एकत्र येण्याआधी त्याने घाव घातला. पहिली चाल कुणाची, म्हणून वर म्हटले ते हेच. त्र्यंबकराव गोळी लागून पडले. शाहू महाराजांनी दाभाड्यांच्या घरी सेनापतिपद कायम ठेवले आणि उमाबाईंचे सांत्वन केले, परंतु त्या घराण्याचा दरारा पुन्हा पूर्वीसारखा राहिला नाही. १७६२ च्या नोव्हेंबरात घोडनदी-आळेगावच्या बाजूस राघोबादादा आणि थोरले माधवराव, म्हणजे चुलता आणि पुतण्या, एकमेकांवर चालून गेले. माधवराव स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. वेळ आली तेव्हा, १७६८ साली, धोडपला त्यांनी हिशेब पुरा केला. राखीव तुकडी राखणे म्हणजे काय, ते या तरुण पेशव्याकडून शिकावे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास सव्हॉयच्या डी बॉयनला पदरी ठेवून कवायती पलटणी उभारल्या. पाटण व मेडता येथे १७९० साली त्या पलटणींनी राजपुतांचे घोडदळ मोडले. होळकरांच्या गोटात हे पाहून काय वाटले असेल ते सांगावयास नको. तुकोजी होळकरांनीही दुद्रनेक नावाचा फ्रेंच गडी नेमून चार पलटणी तयार केल्या. म्हणजे शिंद्यांच्या फौजेची नक्कल होळकरांनी केली आणि १७९३ साली लाखेरीच्या खिंडीत मूळ आणि नक्कल समोरासमोर आली. (लाखेरीचे नाव आमच्या धंद्यातील माणसांना पुढे तेथे निघालेल्या सिमेंटच्या कारखान्यामुळे ठाऊक आहे.) डी बॉयनच्या दारूगोळ्याच्या गाड्यांना आग लागून भडका उडाला, तरी त्याची रांग मोडली नाही. होळकरांच्या पलटणी जागा न सोडता जवळजवळ कापल्या गेल्या. त्यांच्या ३८ तोफा गेल्या. डी बॉयनने पाहिलेल्या लढायांत ही सर्वांत निकराची होती असे त्याचेच मत नमूद आहे. नक्कल चार पलटणींची होती. त्यांच्या मागे मुरलेले शिक्षण, दारूचा साठा आणि वेळेवर पगार या गोष्टींची नक्कल झाली नव्हती. पलटण म्हणजे गणवेश नव्हे. कारखान्यात दुसरीकडचे यंत्र आणून बसविले म्हणजे माल तसा निघत नाही, हे चाकणच्या कोणत्याही फिटरला विचारा.

हा धडा घेतला तो यशवंतराव होळकराने. त्याचा भाऊ मल्हारराव १७९७ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या माणसांकडून मारला गेला, दुसरा भाऊ विठोजी १८०१ साली बाजीराव दुसऱ्याने हत्तीच्या पायी दिला. मनुष्य पेटलेला होता, परंतु नुसता पेटलेला नव्हता. १८०१ च्या जुलैत उज्जैनजवळ त्याने हेसिंगच्या पलटणी बुडविल्या; ऑक्टोबरात इंदूरला सदरलंडने त्याला मार दिला आणि शहर लुटले गेले. त्यानंतरच्या एका वर्षात त्याने काय केले ते पाहावे. शिंद्यांच्याच तोडीच्या चौदा पलटणी त्याने उभारल्या, त्यांवर इंग्रज अधिकारी नेमले, आणि जे शिंद्यांपाशी कमी होते ते घोडदळ आपल्यापाशी भरपूर ठेवले. ऑक्टोबर १८०२ मध्ये बारामतीजवळ पेशव्यांची फौज आधी उधळून लावली.

२५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर गाठ पडली. शिंद्यांच्या बाजूस दहा पलटणी, पण त्यांतल्या डॉजच्या हाताखालील चारच काय त्या डी बॉयनच्या जुन्या, कसलेल्या. उत्तरेत पेराँपाशी असलेल्या मोठ्या पलटणी पुण्यास आल्याच नाहीत. तोफांनी तोफांना आणि पलटणींनी पलटणींना बराच वेळ दाबून धरले. निकाल लागला तो जुन्या हत्याराने : होळकराचे घोडदळ मागे सरू लागले तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाला आणि ते घोडदळ त्याने पुन्हा शत्रूवर घातले. डॉज पडला, तोफा गेल्या, पेशवा सिंहगडाकडे पळाला. आम्हांस वाटते, स्वतःच्याच फौजेविरुद्ध खेळून पाहण्याची विद्या आमच्या इतिहासात यशवंतरावाइतकी दुसऱ्या कुणी साधली नाही.

आता मेजाभोवतीचा तिसरा मनुष्य. एकाच फाटकावर दोन झेंडे लागतात तेव्हा काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. दोघांचे मागणीपत्रक सारखे, घोषणा सारख्या, सभासदही एकाच आळीतले. मग खरी युनियन कोणती यावर सहा-सहा महिने जातात. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मान्यतेसाठी निदान तीस टक्के सभासदांची अट घातली ती या खऱ्याखोट्याचा निवाडा व्हावा म्हणूनच. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पण कायद्याने मान्यता दुसऱ्याच संघटनेची होती. एका कारखान्यातल्या अशाच झुंजीत दोन्हीकडच्या पत्रकांचे गठ्ठे व्यवस्थापक आपल्या कपाटात नीट तारखा घालून ठेवीत असे. दोन्ही बाजूंची कच्ची जागा त्यास आमच्याहून अधिक ठाऊक होती.

पुण्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज याने हडपसरची लढाई जवळून पाहिली. पळालेला बाजीराव वसईला पोहोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. ज्या पलटणी एकमेकींसाठी इतक्या कसून तयार केल्या होत्या, त्यांच्यावरचे बरेचसे परदेशी अधिकारी इंग्रजांशी युद्ध लागताच चाकरी सोडून गेले. पेराँ १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस असईला शिंद्यांच्या पलटणी वेलस्लीशी लढल्या आणि शर्थीने लढल्या. होळकर आला नाही. पुढल्या वर्षी यशवंतराव एकटा उठला. इंग्रजांशी लढावयास नकार देणाऱ्या विकर्सला त्याने ठार केले, मॉन्सनच्या फौजेची धूळधाण उडविली, दिल्लीला वेढा घातला. त्या वेळी शिंदे आदल्या डिसेंबरात झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने बांधलेले होते. होळकराने आपला तह १८०५ च्या डिसेंबरात, बियासच्या काठी राजघाट येथे केला.