पक्ष्याचा डोळा आणि पिस्तुलाची माशी

द्रोणाचार्यांनीं घेतलेली परीक्षा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. झाडाच्या शेंड्यावर एक कृत्रिम पक्षी बसविलेला होता. झाड, फांद्या, भोंवतीं उभे असलेले बंधु यांपैकीं अर्जुनाला कांहींच दिसेना. दिसला तो केवळ पक्षी, आणि शेवटीं त्याचें मस्तक. महाभारतांतील ह्या मस्तकाचा लोकांच्या तोंडीं पुढें डोळा झाला. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु आजच्या नेमबाजीच्या मैदानावर प्रथमच पिस्तूल हातीं घेणाऱ्या नवशिक्याला त्याचा गुरु नेमकें उलट सांगतो. लक्ष्याकडे पाहूं नकोस, तें धूसर दिसूं दे; तुझी दृष्टि माशीवर ठेव, असा त्याचा पहिला पाठ असतो.

माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोंकावर असलेला लहानसा उंचवटा. मागील बाजूस, नेमबाजाच्या अंगास, एक चौकोनी खांच असते. खांच, माशी व लक्ष्य हीं तीन एका रेषेंत आणणें म्हणजे नेम धरणें. सांगावयास सोपें, पण येथेंच निसर्ग आडवा येतो. मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होऊं शकतो. खांच व माशी हातभर अंतरावर, तर लक्ष्य २५ किंवा ५० मीटर दूर. तिन्ही एकदम रेखीव दिसणें शक्यच नाहीं. ह्या एका अडचणींतून मनुष्यानें कसकसे मार्ग काढले आणि त्या मार्गांनीं त्याला काय मिळालें, तेंच आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम काडतुसाकडे वळूं. कारण अचूकपणाचा अभ्यास घरोघरच्या माणसाला सुलभ झाला तो एका इवल्याशा काडतुसामुळें. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथील लुई-निकोला फ्लोबेर नांवाच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिरानें टोपीच्या बंदुकीची धातूची टोपी घेऊन तिच्याच तोंडांत एक बारीक गोळी बसविली. निराळी दारू नाहींच. टोपींतील स्फोटक द्रव्याच्या जोरावर गोळी सुटे. ही करामत दिवाणखान्यांतील करमणुकीपुरती होती. १८५७ मध्यें अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें स्मिथ व वेसन यांनीं त्याच कल्पनेंत दारूची भर घालून .२२ इंच व्यासाचें काडतूस आणि त्यासाठीं सात गोळ्यांचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. पुढें १८८७ मध्यें स्टीव्हन्स ह्या अमेरिकन कारखान्यानें ‘.२२ लाँग रायफल’ हें काडतूस काढलें. नांवांत रायफल असली, तरी जगांतील बहुतेक सरावाचीं पिस्तुलें आजहि तेंच खातात.

ह्या काडतुसाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचें स्फोटक द्रव्य बुडाच्या मध्यभागीं नसून बुडाच्या दुमडलेल्या काठांत भरलेलें असतें. पिस्तुलाचा खिळा त्या काठावर आदळला कीं काठ चेपतो व ठिणगी पडते. काठ चेपावयाचा म्हणजे पत्रा पातळ हवा. पत्रा पातळ म्हणून आंतील दाब बेताचा. दाब बेताचा म्हणून हाताला बसणारा धक्काहि थोडा. रणांगणावर ह्या दुबळेपणाचें मोल शून्य. पण शिकणाराला तेंच वरदान ठरलें. धक्का मोठा असला कीं शरीर त्याला आधींच भितें, बोट आंखडतें, मनगट दचकतें आणि गोळी सुटण्यापूर्वींच नेम मोडतो. काठाच्या काडतुसानें ही भीति जवळजवळ नाहींशी केली, आणि मग चूक झाली तर ती कोणाची, हें नेमबाजाला स्वच्छ कळूं लागलें.

ती चूक किती सूक्ष्म असते, याचा हिशेब मोठा कठोर आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांतील २५ मीटरच्या पिस्तुलावर खांच व माशी यांमधील अंतर जास्तींत जास्त २२० मिलिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर, ठेवतां येतें. ह्या वीतभर अंतरांत माशी खांचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर २५ मीटरवर गोळी सुमारें ११४ मिलिमीटर बाजूला जाते. उलट, माशी व खांच परस्परांशीं बरोबर जुळलेलीं असून सबंध हातच एक मिलिमीटर सरकला, तर गोळीहि तेवढीच सरकते. संथ नेमबाजीच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. त्या वर्तुळाबाहेर पडावयास माशीची पाव मिलिमीटर चूक पुरे होते. आतां गुरूच्या पहिल्या पाठाचें मर्म ध्यानांत येईल. लक्ष्य धूसर दिसल्यानें फारसें बिघडत नाहीं. माशी धूसर झाली कीं सर्वच बिघडतें.

ह्या उघड्या माशीनें मनुष्य कोठवर जाऊं शकतो, याचें एक उदाहरण इतिहासांत अढळ झालें आहे. हंगेरीच्या सैन्यांतील कारोली टाकाच हा पिस्तुलाचा नामांकित नेमबाज. १९३८ मध्यें सैनिकी शिक्षण चालू असतां एक हातबाँब त्याच्या उजव्या हातांतच फुटला आणि ज्या हातानें त्यानें नांव मिळविलें होतें तो हात कामांतून गेला. रुग्णालयांतून बाहेर पडल्यावर त्यानें डाव्या हातानें अभ्यास आरंभिला. दुसऱ्याच वर्षीं तो पुन्हां सामन्यांत उतरला. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झालेच नाहींत. अखेर १९४८ मध्यें लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, शीघ्र नेमबाजींत त्यानें ६०० पैकीं ५८० गुण मिळवून सुवर्णपदक व जागतिक विक्रम दोन्ही जिंकलीं. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें त्यानें ५७९ गुणांनीं तें पद राखलें. दुसरा आलेला त्याचाच देशबंधु अवघ्या एका गुणानें मागें होता. नेम धरण्याचें त्याचें ज्ञान हाताबरोबर गेलें नव्हतें. नव्यानें शिकवावयाचें होतें तें एका बोटाला, आणि तें त्यानें दहा वर्षें शिकविलें.

परंतु सर्वांचे डोळे टाकाचसारखे नसतात. चाळिशी उलटली कीं जवळचें दिसणें मंदावतें. वर्तमानपत्र जसें दूर धरावें लागतें तशी माशीहि धूसर होऊं लागते, आणि हात मात्र लांब करतां येत नाहीं. ह्या अडचणीचा खरा तोडगा सुचला तो बंदुका घडविणाऱ्याला नव्हे, तर दुर्बिणी घडविणाऱ्याला.

डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब हे जगांतील वेधशाळांना दुर्बिणी पुरविणारे कारागीर. महाराष्ट्राचाहि त्यांच्याशीं संबंध आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून जी वेधशाळा उभारली, तिची २० इंची परावर्तक दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्यांत तयार झाली होती. १९१२ मध्यें ती वेधशाळा बंद होऊन उपकरणें कोडाईकनालला गेलीं. ह्याच ग्रब यांनीं १९०० मध्यें एका नव्या दृष्टियंत्राचें पेटंट घेतलें. त्यांतील युक्ति खगोलवेत्त्याची आहे. भिंगाच्या बरोबर नाभीवर एक प्रकाशित खूण ठेवली, तर तिचे किरण भिंगांतून समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरक्या धरलेल्या पारदर्शक कांचेवरून डोळ्याकडे वळविले कीं, ती खूण जवळ न भासतां ताऱ्याप्रमाणें अतिदूर, लक्ष्याच्याच पातळीवर तरंगतांना दिसते. डोळ्याला आतां एकाच अंतरावर स्थिर व्हावयाचें असतें. खांच नाहीं, माशी नाहीं, त्यांना जुळविण्याचा खटाटोप नाहीं. डोकें थोडें इकडे तिकडे झालें, तरी खूण लक्ष्यावरून ढळत नाहीं.

ही युक्ति प्रथम विमानांनीं उचलली. १९१८ मध्यें जर्मन लढाऊ विमानांवर अशीं यंत्रें बसविलेलीं होतीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत तर तीं सर्वत्र झालीं. पिस्तुलासाठीं मात्र दिवा, तारा व विजेचा पुरवठा यांचें ओझें फार होतें. ती अडचण प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाच्या इवल्या कणानें सोडविली. १९७५ मध्यें स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनें लहानशा बॅटरीवर चालणारें लाल टिंबाचें दृष्टियंत्र विक्रीस काढलें. वक्र कांचेवर केवळ तांबडा प्रकाश परत फेंकणारा लेप देऊन तिच्या नाभीवर तो कण बसविला कीं ग्रब यांची दूरची खूण मुठींत मावूं लागली. अमेरिकेंतील .२२ पिस्तुलाच्या सामन्यांत, जेथें नियमांची आडकाठी नाहीं, तेथें पुढील कांहीं वर्षांत तीं सर्रास दिसूं लागलीं.

असें यंत्र निवडतांना कोणता विचार करावा? पहिला प्रश्न टिंबाच्या आकाराचा. टिंब कलांत मोजतात. एका अंशाच्या साठ कला. एक कला म्हणजे २५ मीटरवर सुमारें ७ मिलिमीटर व ५० मीटरवर साडेचौदा. चार कलांचें टिंब २५ मीटरवर २९ मिलिमीटर जागा झांकतें. तेंच ५० मीटरवर ५८ मिलिमीटर झांकतें, म्हणजे दहा गुणांचें सबंध वर्तुळ त्याच्याखालीं लपतें. संथ नेमबाजीला लहान टिंब बरें. झटपट गोळ्या झाडावयाच्या तर मोठें टिंब नजरेला लवकर सांपडतें. दुसरा प्रश्न अंतराचा. डोळा मध्यापासून ढळला असतां टिंबहि किंचित् सरकतें, आणि हें सरकणें यंत्र ज्या अंतरासाठीं जुळविलेलें असतें तेथेंच नाहींसें होतें. म्हणून तें अंतर विचारून घ्यावें. तिसरा प्रश्न वजनाचा व बैठकीचा. पुष्कळ .२२ पिस्तुलांत नळी सांगाड्याला घट्ट बसविलेली असते. यंत्र त्या स्थिर भागावर बसविलें, मागेंपुढें सरकणाऱ्या भागावर नव्हे, तर प्रत्येक गोळीचा हिसका त्याला सोसावा लागत नाहीं. राहिली खरी दुर्बीण. ती लक्ष्य मोठें करते, पण हाताचा कंपहि तितकाच मोठा करते, आणि हात लांब धरून तिच्यांतून पाहण्यास जागा फार अरुंद मिळते.

येथें आपण मुख्य प्रश्नाशीं येतों. कांचेनें नेमबाजाला काय दिलें? नेम तीन कारणांनीं चुकतो: माशी व खांच जुळत नाहींत, हात हलतो, किंवा चाप ओढतांना बोट पिस्तुलाला हिसका देतें. लाल टिंबानें पहिलें कारण जवळजवळ पुसून टाकलें. दुसरें त्यानें उघडें केलें. उघड्या माशीच्या वेळीं न जाणवणारा कंप आतां टिंबाच्या नाचांत डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि तिसऱ्याला त्यानें नकळत उत्तेजन दिलें. टिंब नाचतांना दिसलें कीं मन म्हणतें, मध्यावर आलें कीं लगेच ओढूं. बोट झडप घालतें, आणि जी गोळी नऊवर गेली असती ती सातवर जाते. जाणते शिक्षक म्हणूनच सांगतात कीं, टिंबाला नाचूं द्यावें, तें वर्तुळांतल्या वर्तुळांत हिंडत आहे एवढें पाहावें, आणि चाप अखंड, एकसारख्या दाबानें ओढीत राहावा.

ह्या म्हणण्याला इतिहासाची साक्ष आहे. अमेरिकन पद्धतीच्या सामन्यांत २५ व ५० यार्डांवर एकंदर २७० गोळ्या झाडून २७०० गुण मोजतात. लाल टिंबाचें यंत्र विक्रीस येण्याच्या आदल्या वर्षीं, १९७४ मध्यें, हर्शेल अँडरसन यांनीं त्यांपैकीं २६८० गुण मिळविले, तेहि उघड्या माशीनें. पुढें कांचेचीं यंत्रें पुष्कळ आलीं, पण त्या आंकड्याच्या पलीकडे जाणें त्यांनीं सोपें केलें नाहीं. ऑलिंपिक पिस्तुलाच्या सामन्यांत तर कांचेच्या दृष्टियंत्रांना मनाईच आहे. चष्मा नेमबाजाच्या डोळ्यांवर चालतो, पिस्तुलावर भिंग चालत नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ मध्यें चांगवॉन येथील विश्वचषकांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें तें अशाच उघड्या माशीनें. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत थायलंडच्या स्पर्धकाशीं ३४ गुणांवर बरोबरी झाली, दोनदां निर्णायक फेरी घ्यावी लागली, आणि मग सुवर्णपदक मिळालें. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचें सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

तेव्हां कांच घ्यावी कीं माशीवर राहावें? ज्याचे डोळे थकले आहेत त्यानें कांच अवश्य घ्यावी. तिनें त्याचा खेळ आणखी वीस वर्षें टिकेल, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्याला ऑलिंपिकच्या वाटेनें जावयाचें आहे त्यानें माशीशींच मैत्री करावी. आणि जो नुकताच शिकूं लागला आहे त्यानें यंत्राची किंमत विचारण्याआधीं रिकामें पिस्तूल, काडतूस नाहीं याची दोनदां खात्री करून, मैदानावर गुरूसमोर कोऱ्या भिंतीकडे रोखावें व चाप ओढावा. खिळा पडल्याचा आवाज झाला तेव्हां माशी जागची हलली काय, एवढेंच पाहावें. ती हलेनाशी होईपर्यंत दुकानांतील कोणतीहि कांच त्याला एकहि गुण मिळवून देणार नाहीं.