खुब्याचा सांधा

शस्त्रवैद्य आणि यंत्रशास्त्रज्ञ यांची विद्यापीठांनीं सांगड घालावी, असें आम्ही म्हणतों तेव्हां आमचे कांहीं सन्मित्र हंसतात. माणसाचीं हाडें म्हणजे पुलाचे खांब नव्हेत, हा त्यांचा आक्षेप. त्यांस आम्ही लँकेशायरमधील राइटिंग्टन इस्पितळाची हकीकत सांगतों. तेथें जॉन चार्नली या शस्त्रवैद्यांनीं खुब्याचा कृत्रिम सांधा रचिला. मँचेस्टर विद्यापीठांतील यंत्रशास्त्रज्ञांशीं विचारविनिमय करून त्यांनीं पोलादी गोळा अवघा सात-अष्टमांश इंच व्यासाचा केला. हेतु हा कीं, घर्षणाचा पीळ कमी बसावा. परंतु उखळीसाठीं घेतलेलें टेफ्लॉन थोड्याच वर्षांत झिजलें, आणि सुमारें 300 रोग्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला! 1962 सालीं एका विक्रेत्यानें पॉलिएथिलीनचा तुकडा आणून दाखविला. चार्नलींनीं त्यांत नख रुतवून पाहिलें आणि ते निघून गेले. प्रयोगशाळेंतील कारागीर हॅरी क्रेव्हन (हे कांहीं प्राध्यापक नव्हेत!) यांनीं मात्र तो तुकडा घर्षणयंत्रावर चढविला. तीन आठवड्यांची त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनहि कमी भरली. त्याच वर्षीं नव्या उखळी बसूं लागल्या. आणि राइटिंग्टनला येऊन प्रत्यक्ष शिकल्यावांचून कोणाहि शस्त्रवैद्यास हा सांधा मिळूं नये, असा निर्बंध प्रारंभीं चार्नलींनींच घातला.