बकरीद, पावसाळा आणि गाळ्यातला धूर

हिजरी वर्ष चांद्र आहे, त्यामुळे बकरीद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३२ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. १९८३ ते १९९२ या काळात ती पावसाळ्यात येत होती. पुन्हा २०१५ ते २०२५ मध्ये आली. म्हणजे पावसाळी बकरीद कशी पार पाडायची हे ज्यांना ठाऊक होतं, ती पिढी पुढची पावसाळी बकरीद येईपर्यंत बहुतेक निघून गेलेली असते. आमच्या घरात नेमकं हेच झालं, म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे होतात. घरच्या वाट्यातून उरलेल्या गोश्ताच्या पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. बकरीद उन्हाळ्यात आली तर दोन दिवसांत काम होतं. पावसाळ्यात ऊन नसतं. मग दोरी घरात येते, खाली कोळशाची शेगडी येते आणि चान्या उन्हाऐवजी धुरावर वाळतात.

अब्बांना शहाडच्या बाजूला नोकरी लागली तेव्हा आम्ही उल्हासनगर कॅम्प १ मधल्या बराकीत एक खोली भाड्याने घेतली. हे शहर मुळात शहर नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ उभा राहिला, दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या माणसांना सरकारने तिथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. कॅम्पचे आकडे मात्र राहिले. आजही रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प एक'च सांगतो.

सैनिकांना झोपण्यासाठी बांधलेली बराक आणि चूल पेटवून राहण्याचं घर, यात मोठा फरक. एकाच लांब छपराखाली अनेक कुटुंबं आली. आधी गोणपाटाचे पडदे, मग विटांच्या भिंती. आमच्या बराकीत या भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या. त्यामुळे एका घरचा धूर ही साऱ्या बराकीची बाब असे. १९९० च्या जुलैत, बकरीदच्या दुसऱ्या दिवशी, दादीने शेगडी पेटवण्याआधी शेजारच्या सिंधी चाचींना विचारलं. चाची म्हणाल्या, 'हमारा खाना हो जाने दो, फिर जलाओ.' तेवढ्यात दादीने अब्बांना वर चढवून दोन कौलं सरकवून घेतली. पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्रा तिरका ठेवला. दार सताड उघडं ठेवलं. मी कुरकुरलो की पाणी आत येतंय. दादी म्हणाली, 'धुव्वेकू जाने रस्ता होना, हौर हवाकू आने बी रस्ता होना.' धुराला जायला वाट हवी आणि हवेला यायलाही.

ती बराक आता नाही. तिथे इमारत आहे, खाली शटरचा गाळा आहे, त्यात दोन स्कूटर उभ्या असतात. २०२३ मध्ये बकरीद २९ जूनला आली. माझ्या पुतण्याने लोखंडी पिंप कापून धुरी द्यायची भट्टी बनवली होती. पाऊस होता म्हणून त्याने ती गाळ्यात पेटवली. मागच्या भिंतीवर एक्झॉस्ट फॅन लावला आणि शटर जमिनीपासून वीतभर वर ठेवून खाली ओढलं. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून त्या फटीतही गोणपाट कोंबलं. शटर ओढण्याचं आणखी एक कारण त्याने नंतर सांगितलं: 'चाचा, वास बाहेर गेला तर उगाच कोणी काही बोलेल.' तासाभराने भाभी चहा घेऊन खाली गेल्या, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. डोकं फुटतंय म्हणत होता, उलटी झाली होती, पाय उचलत नव्हते. भाभींनी शटर वर केलं आणि त्याला ओढत पावसात आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. अल्लाहचे शुक्र.

त्याचा प्रश्न साधा होता. 'धूर तर फॅन बाहेर फेकत होता. गाळ्यात धूर नव्हताच. मग झालं काय?'

झालं ते असं. कोळसा लाल झाला की धूर कमी होतो, पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. श्वास चालू राहतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. १८९५ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने स्वतः हा वायू हुंगून काय होतं ते नोंदवलं. खाणीतल्या स्फोटांनंतर कामगार बहुतेक याच वायूने मरतात, हेही त्याने दाखवलं. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेण्याची रीत त्यातूनच आली. आणि फॅनचं म्हणाल तर, बंद खोलीतून हवा बाहेर ओढायची असेल तर तेवढीच हवा आत यावी लागते. आत येणारी वाट बंद असली की पंखा नुसता फिरतो. आगीलाही ऑक्सिजन कमी पडतो आणि अर्धवट जळणारा कोळसा तो विषारी वायू आणखी सोडतो.

दादीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिचा नियम बरोबर होता. आणि तो तिच्या एकटीचा नव्हता. बाराव्या शतकात शामात, म्हणजे आजच्या सीरियाच्या मुलखात, अब्दुर्रहमान अश्शैजरी याने बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबसाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात रोटी भाजणाऱ्यांवर अट आहे: भट्टीचं छत उंच हवं आणि त्यात धूर जायला रुंद झरोका हवा, म्हणजे लोकांना त्रास होणार नाही. पुढे १८६९ ते १८७६ मध्ये उस्मानी राज्यात 'मजल्ला' ही कायद्याची संहिता तयार झाली. शेजारच्या भट्टीच्या धुरामुळे घरात राहणं अशक्य झालं तर ती गंभीर इजा मानावी आणि दूर करावी, असं तिने मांडलं. त्यामागचा फिकहचा उसूल आपल्याला मदरशात शिकवतात: स्वतःला इजा नको, दुसऱ्यालाही नको. रात्री झोपताना घरातली आग विझवण्याची ताकीदही हदीसमध्ये आहे.

आपल्याकडच्या कायद्याने वेगळी वाट धरली. १९१२ च्या बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्टची नजर भट्ट्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरावर होती. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. शहराच्या हवेसाठी हे गरजेचंच आहे. पण बंद शटरच्या आत बसलेल्या माणसाला यातला कोणताही कायदा वाचवत नाही. तिथे दादीचा नियमच लागतो.

तो आजच्या भाषेत सांगतो. सगळ्यात चांगलं म्हणजे कोळसा गाळ्यात पेटवूच नये. भट्टी बाहेर, चारही बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली ठेवावी. पक्की भट्टी आतच बसवायची असेल तर जाणत्या कारागिराकडून वर पत्र्याचं हुड आणि त्यातून सरळ वर, छपराच्याही वर जाणारा लोखंडी पाइप करून घ्यावा. वळणं जितकी कमी तितकं बरं. प्लास्टिकचा पाइप वितळतो. पाइपच्या तोंडावर पावसासाठी टोपी, पण चारी बाजूंनी मोकळी. पाइप शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सोडू नये. काम चालू असेपर्यंत शटर पूर्ण वर. स्कूटर आणि गॅसची टाकी बाहेर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावावा. निखारे विझल्यासारखे दिसले तरी त्यांना आत ठेवून झोपू नये. पाण्याची बादली ठेवून हा वायू जात नाही. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर आधी बाहेर, मग दवाखान्यात.

यातली सगळ्यात अवघड अट शटर वर ठेवण्याची आहे, आणि तिचं उत्तर पत्र्यात किंवा पाइपात नाही. दादीने चाचींना विचारलं होतं, म्हणून तिला दार उघडं ठेवता आलं. पुतण्याने कोणालाच विचारलं नव्हतं. कोणी काही बोलेल या धास्तीने त्याने दार लावून घेतलं, आणि ती धास्ती त्याच्या जिवावर बेतली. धास्ती खोटी होती असं मी म्हणणार नाही, दिवस तसे आहेत. पण २०२४ च्या बकरीदला आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि भट्टी मागच्या मोकळ्या जागेत कधी पेटवली तर चालेल, ते विचारलं. त्यांनी वेळ सांगितली. वर हेही सांगितलं की संध्याकाळी वारा त्यांच्या खिडकीकडे वळतो, तेव्हा सकाळी उरका. आम्ही सकाळी उरकलं.

आता बकरीद मे महिन्यात सरकते आहे. चान्या पुन्हा उन्हात वाळतील आणि धुराची गरज पडणार नाही. २०४८ च्या सुमारास ती पुन्हा पावसात येईल. तेव्हा पुतण्या साठीकडे झुकलेला असेल आणि भट्टी त्याची नातवंडं पेटवतील. त्याला मी हा लेख छापून दिला आहे.