तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर काय होतं?

भिगवण पट्ट्यात उजनीच्या पाण्यावर ऊस पिकतो. मार्च-एप्रिलमध्ये तोड झाली आणि गाडी आली नाही, की फडात पडलेल्या मोळ्या रोज हलक्या होतात.

उसात साधारण 70 टक्के पाणी असतं. बुडातून तोडला की खालून पाणी बंद, वरून ऊन आतलं ओढून घेतं. काट्यावर पैसे टनाने मिळतात, त्यामुळे ही घट थेट शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

साखरेचं नुकसान डोळ्याला दिसत नाही. उसातलंच इन्व्हर्टेज नावाचं विकर साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. रस गोडच लागतो, पण त्याची साखर पडत नाही. कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात, डेक्स्ट्रान तयार होतं आणि रस चिकट होतो. उष्णतेत दोन्ही गोष्टी वेग घेतात. जळीत उसात लवकर, मशीनने तोडलेल्या उसातही लवकर, कारण तुकड्यांना तोंडं जास्त. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, म्हणजे उतारा घसरला तर फटका सगळ्यांनाच.

युरोपात साखरेचं बीट थंडीत ढीग लावून आठवडेच्या आठवडे ठेवतात. आपल्याकडचा ऊस 24 तासांत गव्हाणीत पडलेला बरा.

मुकादम कितीही घाई करो, वाहन पक्कं झाल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नये. ऊस अडकलाच तर मोळ्या एकत्र रचून पाचटाने झाकाव्यात, वरून पाणी शिंपडावं. त्याने वजन थोडंफार टिकतं. गेलेली साखर परत येत नाही.