तालीम, पाळी आणि हृदय

शिरोली एमआयडीसीत बोलताना आम्ही सुरुवात कोल्हापूरच्या तालमीपासून करतो. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळत. त्यांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं. तरीही 6 मे 1922 रोजी, वयाच्या 47व्या वर्षी, मुंबईत हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. म्हणजे व्यायाम हे अभयपत्र नव्हे; त्यानं धोका कमी होतो, संपत नाही.

कमी होतो, हे कशावरून? 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. नोकरी एकाच ठिकाणची, फरक कामाच्या रीतीचा.

आता आपल्या फौंड्रीतला रात्रपाळीचा कामगार घ्या. त्याला 'तंबाखू सोडा, मीठ कमी खा, पुरेसं झोपा' असं सांगणं बरोबरच आहे. पण तालीम काही एकट्याच्या निश्चयावर चालत नव्हती. जागा, सोबत, वस्ताद आणि ठरलेली वेळ, हे सगळं गावानं पुरवलं होतं. पाळीच्या वेळापत्रकात आपण त्यातलं काय पुरवतो? हा प्रश्न कामगाराच्या आधी आपल्याला लागू होतो.