विद्यार्थी न राहिलेल्यांची ‘स्टुडंट्स’ सोसायटी

#थ्रेड

इ.स. १८४९. मुंबईतील काही तरुण शिक्षक घरोघरचे जिने चढत होते. प्रत्येक दारी विनंती एकच : आपल्या मुलीला रोज सकाळी शिकायला पाठवा, फी द्यावी लागणार नाही. काही घरांतून मुकाट्याने नकार मिळाला. काही वडिलांनी मात्र बजावले की असले खूळ घेऊन पुन्हा आलात तर याच जिन्यावरून खाली लोटून देऊ. ही आठवण सांगणारा गृहस्थ तेव्हा पंचवीस वर्षांचाही झालेला नव्हता. पुढे १८९२ साली तो ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद म्हणून निवडून आला. नाव दादाभाई नौरोजी.

हे तरुण मिशनरी नव्हते, आणि या कामाचा त्यांना पगारही मिळत नव्हता. एका शाळेतून शिकून बाहेर पडलेल्यांची, आणि काही अजून तिथेच शिकत असलेल्यांची, ती एक मंडळी होती.

आज वाणगाव–डहाणू पट्ट्यात काय किंवा राज्यात इतरत्र काय, माजी विद्यार्थी संघ म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. दिवाळीच्या सुट्टीतला स्नेहमेळावा, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ, दहावीच्या गुणवंतांना बक्षिसे, शाळेच्या छपरासाठी वर्गणी आणि शेवटी ‘आमच्या वेळी असे नव्हते’. यात वाईट काही नाही. मात्र वाणगावला लोकल पकडून चर्नी रोडला उतरावे आणि पायी गिरगावात शिरावे, तर याच प्रकारच्या संस्थेचा फार जुना अवतार जेथे रुजला त्या गल्ल्यांत माणूस पोहोचतो. त्या काळी ही लोकल नव्हती. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी धावायलाच १८५३ साल उजाडायचे होते.

ती शाळा म्हणजे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबई सोडून निघाले, तेव्हा येथील लोकांनी त्यांच्या नावाने प्राध्यापक नेमण्यासाठी मोठा निधी उभारला. १८३५ च्या सुमारास ऑर्लिबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक शिकवू लागले. १८४० मध्ये हे वर्ग आणि नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा एकत्र झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेत शिकवीत. १८४६ साली ते अकाली गेले, पण तोपर्यंत मुलांच्या एका पिढीला नियतकालिक, निबंध आणि वादविवाद यांची गोडी लागून चुकली होती.

१३ जून १८४८ रोजी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. मार्गदर्शनाला प्रा. पॅटन होते. नावात ‘स्टुडंट्स’ असले तरी सभासदांपैकी अनेकांचे विद्यार्थिपण संपलेले होते. दादाभाई तेव्हा त्याच संस्थेत शिक्षक होते. भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टनमध्ये शिकून, तेथेच शिकवून, नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकत होते. शाळा सुटली तरी आपण तिचेच, ही भावना नावात शिल्लक राहिली, आणि नाव पुढे कोणी बदलले नाही.

आरंभी कार्यक्रम साधा होता : सभासदाने निबंध वाचायचा, इतरांनी चर्चा करायची. हे सारे इंग्रजीत. परंतु पहिल्या काही महिन्यांतच सोसायटीने मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. या निर्णयाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच वेळी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये चाललेला वाद लक्षात घ्यावा लागतो. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. वरचे शिक्षण देशभाषेतून द्यावे, असे जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे होते. बोर्डात कागदी लढाई सुरू असताना, पेरींच्या मताचे सर्वांत मोठे लाभार्थी असलेले हे इंग्रजी शिकलेले तरुण आपणहून मराठी-गुजरातीत व्याख्याने देऊ लागले. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे आले. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे ते हेच दादोबा. एप्रिल १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि १८६७ पर्यंत चालले. शास्त्रीय विषयावर मराठीत लिहायचे तर वाक्य कसे बांधायचे, येथपासून या लेखकांना सुरुवात करावी लागली.

तरीही येथवरची हकीकत एका चांगल्या वाचनमंडळाचीच आहे. तिला वळण लागले ते १८४९ मध्ये. बेहरामजी गांधी या पारशी सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. (आडनावावरून घाई करू नये, महात्मा गांधींचा जन्म व्हायला अजून वीस वर्षे होती, आणि हे घराणे निराळे.) निबंध रंगला, चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या. मग पॅटन यांनी विचारले की हे सगळे ठीक, पण तुम्ही स्वतः काय करणार?

प्रश्न अडचणीचा होता. त्या काळी सरकारने मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी घेतलेली नव्हती. स्त्रीशिक्षणाला पाठिंबा देणारा चार्ल्स वूड यांचा खलिता १८५४ चा. मुंबईत मुलींच्या शाळा होत्या, पण त्या मिशनच्या. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्येच अशी शाळा काढली होती आणि मार्गारेट विल्सन यांच्या शाळा त्यानंतर काही वर्षांत सुरू झाल्या. अशा शाळांचे नाव काढताच पालक दचकत, आणि त्याला कारण होते. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांनी दोन पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मिशनमध्ये राहिलेल्या ब्राह्मण मुलाला पुन्हा जातीत घेण्यावरून मोठे वादळ उठले. त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. शाळा म्हणजे धर्म बुडण्याची वाट, ही भीती लोकांनी कल्पनेतून निर्माण केली नव्हती. जिना चढून येणाऱ्या तरुणाकडे वडील याच भीतीच्या चष्म्यातून पाहत होते, आणि धमकी देणाऱ्या प्रत्येकाला निव्वळ खलनायक ठरवणे म्हणजे इतिहास सोपा करून टाकणे होय.

या मंडळींच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक, शिकवणारे आपल्याच समाजातले, ओळखीच्या घरांतले होते. बायबलाचा प्रश्न येत नव्हता. दुसरी, ते फुकट शिकवणार होते. सकाळी सात ते दहा मुलींना शिकवायचे आणि मग आपापल्या कामावर जायचे, असा त्यांनी क्रम ठरवला. १८४९ मध्येच शाळा उघडल्या : चार पारशी मुलींसाठी, तीन मराठी मुलींसाठी. पहिला पट होता ४४ पारशी आणि २४ हिंदू मुलींचा, म्हणजे सारे जिने चढून झाल्यावर एकूण ६८. आजच्या एखाद्या शाळेच्या दोन तुकड्याही त्यात पुरत्या भरणार नाहीत.

फुकट श्रमावर शाळा सुरू होते, पण टिकत नाही. जागा, पाट्या, पुढे पगारी शिक्षक हे सर्व आलेच. पारशी शाळांना खुर्शेदजी नसरवानजी कामा यांच्या घराण्याने पैसा पुरवला. मराठी बाजूला नाना शंकरशेटांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. नानांसारख्या धनिकाच्या आवारात शाळा भरते म्हटल्यावर निंदकांचा आवाज बंद झाला नसला तरी मुलगी पाठवणाऱ्याला एक ढाल मिळाली. पारशी शाळा पुढे त्या समाजाच्या स्वतंत्र संस्थेकडे गेल्या. गिरगावातील मुलींची शाळा सोसायटी चालवीत राहिली.

दादाभाईंनी उतारवयात लिहिलेल्या आठवणीत या धडपडीचे मूळ सापडते. वडील ते चार वर्षांचे असताना वारले होते. आई माणेकबाई हिने मुलाला वाढवले. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा तेव्हा मोफत होती. फी असती तर आईला ती झेपली नसती. आपले शिक्षण लोकांच्या पैशातून झाले, तेव्हा आपल्यात जे उत्तम असेल ते लोकांना परत केले पाहिजे, असा विचार आपल्या मनात तेव्हाच रुजला, असे ते सांगतात. शाळेचे ऋण शाळेच्या इमारतीला न फेडता शाळेबाहेर राहिलेल्यांना फेडायचे, हा अर्थ त्यांनी लावला. सगळेच माजी विद्यार्थी असा अर्थ लावत नाहीत.

याच मंडळींतून पुढचे राजकारणही उभे राहिले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येच झाली. भाऊ दाजी तिचे एक चिटणीस. सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्षही तेच झाले. १८८६ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी या सोसायटीपुढे व्याख्यान दिले, त्याचा विषय होता : राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय? तेलंगांचे उत्तर नकारार्थी होते; जेथे विरोध कमी तेथून पुढे सरकावे, असे त्यांचे मत. सोसायटीच्या संस्थापकांनी मात्र सदतीस वर्षांपूर्वी जेथे विरोध सर्वांत जास्त तेथूनच, म्हणजे घराच्या उंबरठ्यापासून, सुरुवात केली होती. तेलंग त्या सभागृहात हे बोलले, हा योग थोडा गमतीचा आहे.

आता दुसरी बाजू. त्या ६८ मुलींचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा आकड्यानेच होतो. निबंध वाचणाऱ्याचे नाव राहते, शिकणारीचे नाही. पुण्यात मात्र वेगळे घडले. जोतीराव फुले हेही एका शाळेचे, स्कॉटिश मिशनच्या शाळेचे माजी विद्यार्थी, आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे शाळासोबती त्यांच्या पाठीशी होते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. येथे निबंध शिकणारीने लिहिला.

एल्फिन्स्टनच्या मंडळींनी चढलेले जिने त्यांच्याच जातींच्या घरांचे होते. वर्गात शेणवी, प्रभू, ब्राह्मण आणि पारशी मुले अधिक, आणि सोसायटीचे वर्तुळही तेच. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, आणि मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. ज्या शाळेत कधी जाताच आले नाही, तिचा माजी विद्यार्थी कोण होणार?

वाणगावच्या परिसरात हा प्रश्न फार काळ तसाच उभा राहिला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात. वारली पाड्यांवर जमीनदारांची वेठ चाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल १९२० मध्ये निघाले आणि किनारपट्टीवरची मुले शिकू लागली. डोंगराकडची अजून बाहेरच होती. १९४५ मध्ये एकीकडे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. दुसरीकडे त्याच वर्षी बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

पाड्यांवर जिने नव्हते, पण काम तेच होते : दारोदार जाऊन मुले मागायची. मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रुळला. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे थोडी मोठी मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात, त्यांना वर्गात बसवणे शक्य नव्हते. मग कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना, झाडाखाली, शिक्षक मुलांच्या मागोमाग कुरणात जाऊन शिकवू लागले.