नॅसवरील फायलींची पुनर्प्राप्ती

घरच्या नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवण-पेटीतून (→ नॅस) पुसल्या गेलेल्या वा दिसेनाशा झालेल्या फायली परत मिळवण्याची क्रिया. अशा पेटीत बहुधा लिनक्स चालते व एकाहून अधिक डिस्क रेड पद्धतीने जोडलेल्या असतात. ‘रेड’ ही संज्ञा पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी बर्कली येथे १९८८ मध्ये रूढ केली (→ रेड).

रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते. त्यामुळे एक डिस्क निकामी झाली तरी मजकूर टिकतो. पुसलेली फाइल मात्र सर्व डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून रेड हा बॅकअपला पर्याय नव्हे (→ बॅकअप). नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. पेटीतले बिन किंवा स्नॅपशॉट आधीच सुरू असावे लागतात.

ते नसल्यास पेटीवर नवे काही न लिहिता ती बंद करतात, प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक पेनाने लिहून ती बाहेर काढतात, सेक्टरनिहाय प्रत घेतात आणि शोध त्या प्रतीवरच घेतात. फाइल-प्रणालीच्या नोंदी (→ एक्स्ट४) नष्ट झाल्या असल्यास फोटोरेकसारखी साधने आरंभीच्या बाइटांवरून फाइल ओळखतात. जेपेग छायाचित्र ‘एफएफ डी८’ने सुरू होते. अशा फायलींची मूळ नावे व फोल्डर सहसा मिळत नाहीत. तुकड्यांत विखुरलेली फाइल अनेकदा अर्धवटच हाती येते.